सोनेरी काठाच्या प्लेटा

चँडलर

निघायच्या आधीच माझं सगळ्यांशी भांडून झालं होतं, त्यामुळे हे प्रवासवर्णन भांडणापासूनच सुरू करते. निसर्ग पुढे येईल. नागपूरच्या मैत्रिणी पत्रातून विचारतात, अमेरिकेत राहून पाहिलंस काय काय? हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. वाचून झाल्यावर तुला इतका राग का येतो असं मात्र विचारू नका.

आमची प्रज्ञा चार वर्षांची असताना आम्ही इथे, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला, आलो. ती इथेच वाढली. तिचे बाबा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. १९८४ साली प्रज्ञा बारावीत होती तेव्हाच कोलोरॅडोतल्या एका डोंगरी गावातल्या छोट्या कॉलेजने तिला प्रवेश दिला. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं मराठी घर एकच आहे, त्यामुळे ओळखायला कुणाला वेळ लागायचा नाही.

कॉलेजने कळवलं, की एक दिवस येऊन आम्हाला बघून जा, आई-वडिलांनाही आणा, जेवण आमच्याकडे. ही रीत आपल्याकडच्या माणसाला सांगून पटत नाही. आपण प्रवेशासाठी खिडकीसमोर रांग लावतो आणि आपला नंबर येतो तेव्हा आतला बाबू जेवायला गेलेला असतो. इथं प्रवेश दिल्यावर कॉलेजच मुलीची मनधरणी करतं. खोल्या पाहा, प्राध्यापकांना भेटा, आमचं अन्न चाखा, आवडलो तर हो म्हणा.

"जागा मिळाली ना? मग बघायचं काय त्यात?" प्रज्ञाचे बाबा म्हणाले. त्यांच्या मनात घराजवळची मोठी युनिव्हर्सिटी होती. पोरगी घरी राहील, संध्याकाळी पानावर असेल, एवढाच त्यांचा हिशेब.

"बाबा, न बघता फोर इयर्स कसं ठरवू?" प्रज्ञा म्हणाली. "आय हॅव टू सी इट."

हो की नाही, ते मे उजाडायच्या आत कळवायचं होतं. आणि कॉलेजने बोलावलेला दिवस होता शनिवार, चौदा एप्रिल.

आमच्या घरात नुसतं जयंती म्हटलं की ती एकच, आणि ती चौदा एप्रिललाच. अ‍ॅरिझोनात आमची मोजकी घरं, बहुतेक नागपूर-अमरावतीकडची. या देशात येऊन मराठी मंडळींचे सगळे सण शनिवारी सरकले. दिवाळी शनिवारी, संक्रांत शनिवारी, गणपतीसुद्धा शनिवारी बसतो नि रविवारी उठतो. जयंती मात्र ढोके काका सरकवू देत नाहीत. ढोके काका आमच्यातले वडीलधारे. मंगळवार असो की गुरुवार, कामावरून दमून आलेली माणसं त्यांच्या दिवाणखान्यात फोटोला हार घालतात, खीर खातात आणि पेंगत भाषणं ऐकतात. त्या वर्षी चौदा तारीख आपणहून शनिवारी आली. काकांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी शाळेचा हॉल घेतला, टक्सनपर्यंत निमंत्रणं केली आणि पहिलं भाषण प्रज्ञाला दिलं.

आम्हाला यायला जमणार नाही, हे सांगायला मी त्यांना फोन केला.

"यंदा चौदा शनिवारी आली, अन् तुम्ही काऊन जाऊन राहिले बाप्पा?"

"काका, पोरगी कॉलेज बघायला चालली आहे, सिनेमा बघायला नाही."

"कॉलेज काय पळून जाते का बाई? पोरीचं पहिलं भाषण होतं."

"मग जयंती कशासाठी करतो आपण? पोरींनी शिकावं म्हणूनच ना?"

त्यांनी फोन ठेवून दिला. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं चुकलं नव्हतं म्हणून जास्तच आला.

राहता राहिले प्रज्ञाचे बाबा. ते तयार झाले ते कशामुळे, ऐका. कारखान्यातून येताना ते गावच्या लायब्ररीत गेले. तिथं दुसऱ्या गावांच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवलेल्या असतात. त्यांनी त्या डोंगरी गावाची डिरेक्टरी काढली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत मराठी आडनाव शोधलं. आपली माणसं परमुलखात हेच करतात. मोटेलमध्ये उतरायचं म्हणजे पैसे उधळणं, पण डिरेक्टरीत सापडलेल्या अनोळखी माणसाच्या घरी बॅगा घेऊन जाणं म्हणजे आपुलकी. आडनाव सापडलं, फोन लागला, पलीकडून बाईंचा आवाज आला, "अय्या, मराठी? इथं? अहो, या ना या, आमच्याकडेच उतरा!" बाईंचे यजमान त्याच कॉलेजात प्रोफेसर होते. मुलगी इथं आली तर दर शनिवार-रविवार आमच्याकडे वरणभात खायला येईल, असंही त्या म्हणाल्या.

वरणभात ऐकल्यावर प्रज्ञाच्या बाबांचा विरोध संपला. प्रयोगशाळा कशी आहे, शिकवतात कसं, यातलं काही त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं. मी त्यांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "घर असलं की काळजी नसते." आम्ही शुक्रवारी पहाटे निघालो.

केयेंटाच्या रस्त्याला

फ्लॅगस्टाफपर्यंत पाइनचं रान आहे. ते मागे पडलं की झाडं संपतात आणि जमीन लाल होत जाते. इतकी लाल जमीन मी कधी पाहिली नव्हती. मधूनच सरळसोट कडे उभे, खाली मेंढरं, आणि मैलन्‌मैल एक घर नाही. हा सगळा इथल्या मूळच्या नावाहो लोकांचा मुलूख. आकाश एवढं मोठं की आपली जुनी स्टेशन वॅगन चालते आहे की जागीच उभी आहे तेही कळत नव्हतं. एरवी मला हे फार आवडलं असतं. पण मागच्या सीटवर प्रज्ञा भाषणाचा कागद उघडून बसली होती, त्यामुळे माझं लक्ष लागेना.

आम्ही सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या घेतल्या होत्या. तरी केयेंटा गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक टपरी दिसली तिथं थांबलो. एक म्हातारी बाई तेलात मोठ्या मोठ्या पुऱ्या सोडत होती. मखमली पोलकं, हातात चांदीची जाड कडी. पुरी आपल्या भटुऱ्याएवढी, वर मध घालून देतात. प्रज्ञाच्या बाबांनी त्यावर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ली. म्हातारीने मागून चाखली, तिला आवडली.

मग तिने प्रज्ञाला विचारलं, तुमचं कूळ कुठलं?

माझा घास तिथंच थांबला. प्रज्ञाने विचारलं, का? म्हातारी सांगू लागली, की आमच्यात माणूस भेटलं की आधी आईकडचं कूळ सांगतात, मग बापाकडचं. कुठं जुळलं तर ती आपली बहीण निघते, कुणाची मावशी निघते. तुला कुठल्या नात्याने हाक मारायची ते मला कळायला नको का? प्रज्ञा हसून म्हणाली, मग मला भाची म्हणा. मी टपरीवर पैसे ठेवले आणि गाडीत जाऊन बसले.

"आई, शी वॉज बीइंग नाइस," प्रज्ञा मागून म्हणाली.

"असेल. पण हा प्रश्न कुठं घेऊन जातो ते तुला ठाऊक नाही."

"तुला सगळ्याचाच राग येतो."

खरं सांगायचं तर म्हातारीच्या मनात काही नव्हतं, हे मलाही कळत होतं.

कोलोरॅडोत शिरलो आणि चढ लागला तसा बर्फ सुरू झाला. एप्रिलमध्ये! निघायच्या आदल्या रात्री चँडलरला आम्ही पंखा लावून झोपलो होतो. काचेवर चिखल उडाला म्हणून प्रज्ञाच्या बाबांनी काच धुणारं बटण दाबलं. आमच्या वाळवंटात त्या टाकीत लोक साधं पाणी भरतात. त्या पाण्याचा काचेवर पडताक्षणी बर्फ झाला आणि समोरचं दिसेनासं झालं. गाडी कशीबशी कडेला घेतली. मी चपला आणि पायमोजे घालून बर्फात उतरले आणि दशम्यांच्या डब्याच्या झाकणाने काच खरवडली. झाकण वाकलं. ते अजून तसंच आहे.

मराठी घरी, शुक्रवार

काकू दारातच उभ्या होत्या. नावं नको म्हटलं आहे, तर काका आणि काकू एवढंच लिहिते. पन्नाशीच्या, गोऱ्या, हसऱ्या. आम्ही गारठलेले पाहून त्यांनी प्रज्ञाला स्वतःची शाल पांघरली. हे खोटं नव्हतं, हे मला लिहिलं पाहिजे.

घर सुंदर होतं. जेवणघरात काचेचं कपाट, त्यात सोनेरी काठाचा, निळ्या फुलांचा डिनर सेट रचून ठेवलेला. त्याच सेटच्या कपबशांतून चहा आला. "आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ह्यांनी घेतला," काकू म्हणाल्या. "कुणी खास आलं की काढते."

"प्रज्ञा! किती छान नाव ठेवलंत हो. अगदी आपल्याकडचं." वरची खोली दाखवून त्या म्हणाल्या, "ही तुझीच समज. इकडे आलीस की शनिवारी इथंच झोपायचं. रविवारी मी पुरणपोळी करेन." प्रज्ञाच्या बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कॉलेजचं सगळं ठरूनच गेलं.

मग दुसरा चहा ओतताना काकूंनी विचारलं, "वानखेडे म्हणजे नेमके कोण हो तुम्ही?"

"नागपूरचे," प्रज्ञाचे बाबा म्हणाले.

"हो, ते सांगितलंत. पण म्हणजे... मूळचे?"

प्रज्ञाचे बाबा कपाकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रज्ञाच बोलली. तिला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आणि नाहीच आहे. "वी आर बुद्धिस्ट, काकू. उद्या जयंती आहे ना, माझं स्पीच होतं. ते कॅन्सल केलं, इकडे यायचं म्हणून."

"हो का," काकू म्हणाल्या. "अय्या. छान." आणि जरा वेळाने, कुणी काही विचारलं नसताना, "आम्ही काही तसलं मानत नाही हं. इथं अमेरिकेत कोण मानतं?"

काकांनी वर्तमानपत्र उघडलं.

त्यानंतर तासाभरात वरच्या खोलीचा हीटर नीट चालत नाही असं निघालं. आमची सोय तळघरात झाली. जेवायला बसलो तर पुढ्यात कागदी प्लेटा. "डिशवॉशर बिघडलाय हो," काकू म्हणाल्या. "इतके जण म्हटल्यावर..." आम्ही तीन माणसं होतो. अन्न उत्तम होतं. वरणभातही होता. कागदाच्या प्लेटेत वरण वाढलं की ती खालून मऊ पडते आणि हाताने तोलून धरावी लागते. रविवारच्या पुरणपोळीचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट काकांना पुढचं वर्षभर बाहेर जावं लागेल बहुधा, असं काकूंनी दोनदा सांगितलं, आणि काकांनी एकदाही नाही.

मी नागपूरला हॉस्टेलवर होते तेव्हा मेसच्या थाळ्या एकसारख्या होत्या. माझी आणि आणखी दोघींची थाळी मात्र आचारी न चुकता आम्हालाच द्यायचा. कसं ओळखतो म्हणून मी एकदा ती उलटी करून पाहिली. खाली खिळ्याने ओरखडा काढलेला होता. तेव्हापासून नवं भांडं हातात आलं की मी ते उलटं करून बघते. लग्नात मिळालेली भांडी पाहत होते तेव्हा सासूबाई हसल्या होत्या, त्यांना वाटलं मी वजन बघते आहे.

"तू उगाच अर्थ काढतेस," प्रज्ञाचे बाबा तळघरात हळू आवाजात म्हणाले. "बिघडला असेल खरंच. यंत्र आहे."

"आणि हीटर?"

"तोही."

"आणि काकांचं वर्ष?"

"जाऊ दे ना. त्यांच्या घरात आहोत आपण." त्यांना ते घर हवं होतं हो, पोरीसाठी. म्हणून ते डोळे मिटून बसले होते. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला.

शनिवार, चौदा एप्रिल

सकाळी मी वर आले. घरात सामसूम. काका-काकू उठले नव्हते. प्यायला पेला हवा म्हणून मी डिशवॉशरचं दार ओढलं. आत आमचे कालचे चहाचे कप आणि बशा होत्या, लख्ख धुतलेल्या, हाताला अजून कोमट. दुसरं काहीही नव्हतं. एवढ्यासाठी बिघडलेलं यंत्र लावलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तशीच गेली. रडू मात्र आलं नाही. मी खाली जाऊन दोघांना उठवलं, गाडीतून दशम्यांचा डबा आणला, काचेचं कपाट उघडलं आणि रचलेल्या थप्पीतून तीन सोनेरी काठाच्या प्लेटा काढल्या.

"अगं, काय करतेस?" प्रज्ञाचे बाबा घाबरून म्हणाले.

"नाश्ता."

त्यांच्याच टेबलावर आम्ही बसलो. दशमी, चटणी, मिरची. मी चवीने खाल्लं. प्रज्ञा आधी माझ्याकडे, मग डिशवॉशरकडे बघत राहिली. उघडं दार आणि आतले कप तिला दिसले होते. तिने एक शब्द न बोलता दुसरी दशमी घेतली.

मग मी प्लेटा साबणाने धुतल्या, फडक्याने पुसल्या आणि थप्पीत परत ठेवल्या. एक वर, एक मध्ये, एक खाली. मग सगळ्या प्लेटा पत्त्यांसारख्या पिसल्या. कुठल्या ते मलाही सांगता आलं नसतं.

काकू गाऊन सावरत खाली आल्या. "अय्या, उठलात? थांबा हं, नाश्त्याला टाकते काहीतरी."

"झाला आमचा नाश्ता," मी म्हणाले. "तुमच्या त्या कपाटातल्या प्लेटांत केला. स्वच्छ धुतल्यात. परत तिथंच ठेवल्यात, बाकीच्यांत मिसळून."

काकूंनी कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कपाटाकडे.

"कुठल्या?" त्या म्हणाल्या.

एवढाच शब्द. तो त्यांच्या तोंडून आपोआप निघाला. निघाल्यावर त्यांनाही कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रज्ञाच्या बाबांनी तो शब्द ऐकला. रात्रभर यंत्राची बाजू घेणारा माणूस उठला आणि तळघरातून बॅगा घेऊन आला. निघताना त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला नाही, आणि वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार न करता ते निघाल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

गाडीत बसल्यावर ते किल्ली फिरवेनात. समोर बर्फाचे डोंगर सकाळच्या उन्हात गुलाबी दिसत होते. एवढी सुंदर सकाळ आणि आम्ही तिघं तोंडं पाडून बसलेलो.

"परत जाऊ," ते म्हणाले. "आता तो कॉलेजचा कार्यक्रम नको आणि कॉलेजही नको. इथं आपलं कुणी नाही. हिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं?"

"चँडलरमध्ये आलो तेव्हा कोण होतं आपलं?" मी म्हणाले.

"तेव्हा आपण दोघं होतो. ही एकटी असेल."

"आणि परत गेलो की काय होणार? त्या बाईला वाटेल, बरं झालं, गेले."

"तिला काय वाटेल यावर मी पोरीला इथं ठेवू?"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून आवाज चढत गेला. शेवटी प्रज्ञा मागून जवळजवळ ओरडली. "स्टॉप इट! मी माझं स्पीच सोडून आले. ढोके काका माझ्याशी बोलत नाहीत. मी कॉलेज बघायला आले, त्यांचं घर नाही. ड्राइव्ह करा बाबा, नाहीतर मी चालत जाते."

त्यांनी किल्ली फिरवली.

कॉलेजच्या दारात टेबल मांडलं होतं. मी सवयीने प्रज्ञाची ओरिजिनल्सची फाइल पुढे केली. शाळेचे दाखले, जन्माचा दाखला, आणि मागे माझा स्वतःचा जातीचा दाखलासुद्धा. तो मी फाइलमध्ये का ठेवते, मला सांगता येत नाही. आपण प्रवेशाला निघालो की तो बरोबर असतो. टेबलामागची पोरगी गोंधळली. तिने फाइल उघडलीही नाही, छातीला लावायला नावाची चिठ्ठी दिली आणि संत्र्याचा रस दिला. त्या दिवशी कॉलेजात तो दाखला कुणी मागितला नाही. आदल्या दिवशी मागितला होता, चहाबरोबर.

कॉलेजही सगळं गोड नव्हतं. फोटो काढणारा माणूस प्रज्ञाला आणि एका काळ्या मुलाला प्रत्येक घोळक्यात पुढे उभं करत होता, जणू या कॉलेजात गोरी मुलं अपवादालाच आहेत. मला त्याचाही राग आला आणि मी त्याला तसं सांगितलं. पण प्रयोगशाळेत प्रज्ञा शिरली ती बाहेर येईना. तिथल्या एका मुलीने तिला काचेची नळी वाकवायला दिली. ज्योतीवर नळी धरून ती इतकी मन लावून उभी होती, की तिचे बाबा दारातून बघत माझ्या कानाशी म्हणाले, "हिला इथंच यायचंय." त्यांचा आवाज रडवेला होता.

दुपारच्या जेवणाला आमच्या टेबलावर कॉलेजच्या प्रमुखबाई येऊन बसल्या. तेवढ्यात काका आले. कोट, टाय, हसरा चेहरा. काल वर्तमानपत्रामागे बसलेला माणूस हाच का, असा मला प्रश्न पडला. त्यांनी प्रज्ञाच्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रमुखबाईंना सांगितलं, "दीज आर अवर पीपल. आमच्याच महाराष्ट्रातले. आमच्याकडेच उतरलेत. ही मुलगी इथं आली की आमचं घर ते तिचंच घर."

त्यांना सकाळचं ठाऊक नव्हतं असं नाही. हसताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

"नो," मी म्हणाले. माझं इंग्रजी लॅबपुरतं आहे, पण एवढं येतं. "वी आर इन मोटेल. देअर हाऊस गेव्ह अस पेपर प्लेट्स."

प्रमुखबाई हसल्या. त्यांना वाटलं मी सहलीबद्दल काही सांगते आहे. काकांचा हात मात्र खांद्यावरून निघाला.

प्रज्ञाने काटा खाली ठेवला. कालपासून ती त्यांना काका म्हणत होती.

"सर," ती म्हणाली, "फॉल सेमिस्टरमध्ये तुम्ही काय शिकवता?"

"फर्स्ट इयर केमिस्ट्री," ते म्हणाले.

"मग बाहेर नाही जाणार?"

त्यांनी टाय सारखा केला.

"गुड. आय विल सिट इन द फ्रंट रो."

कॉलेजला हो तिने तिथं, त्या टेबलावर म्हटलं. बाकी कागद नंतर गेले.

संध्याकाळी मोटेलमधून तिने ढोके काकांना फोन लावला. हॉलवरून सगळे त्यांच्या घरी आले होते, मागे गलका ऐकू येत होता. ती भाषण म्हणाली, कॉटवर मांडी घालून, मध्ये मध्ये अडखळत. ढोके काकांनी पलीकडे फोन उंच धरला होता म्हणे. संपल्यावर ते म्हणाले, "बरं केलं पोरी. पण पुढच्या वर्षी इथं यायचं." त्यांचा राग पुरता गेला नव्हता, आणि मला तेच बरं वाटलं.

ऑक्टोबर

त्या गावी आम्ही पुन्हा गेलो ते कॉलेजने पालकांना बोलावलं तेव्हा. या खेपेला काच धुवायच्या टाकीत न गोठणारं निळं पाणी भरलं होतं. लाल जमीन मी नीट पाहिली. टपरीवाल्या म्हातारीसाठी चटणीची बाटली नेली होती. ती दिली तेव्हा तिने माझं कूळ विचारलं, आणि मी सांगितलं. जुळलं नाही. तरी तिने पुरी फुकट दिली.

प्रज्ञा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आमची वाट बघत होती. दोन मैत्रिणींना घेऊन तिने वरणभात केला होता. कृती फोनवरून मलाच विचारली होती, तरी वरण पातळ झालं होतं. तिच्या बाबांना ते दिसलंसुद्धा नाही, ते नुसते भाताच्या वाफेकडे बघत राहिले. टेबलावर पानं मांडली होती. सोनेरी काठाच्या, निळ्या फुलांच्या प्लेटा.

मी एक उचलली आणि उलटी करून पाहिली. खाली कारखान्याचा शिक्का होता. बाकी काही नव्हतं.

"हा सेट कुठून आणलास?"

"चर्चच्या सेलमधून. लोक जुन्या गोष्टी आणून देतात ना, तिथं."

"कुणाचा आहे, ठाऊक आहे का तुला?"

"ऑफ कोर्स, आई. काकूच टेबलवर बसून विकत होत्या." तिने आपल्या बाबांना आधी वाढलं, मग मला. "मला बघून त्या खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, मला प्लेटा हव्यात. त्यांनी विचारलं, कुठल्या?"

"मग?"

"आय सेड, सगळ्या."